किल्ली आणि तिचा रद्दनामा

घराची किल्ली हरवली तर आपण काय करतो? बाजारातून किल्लीवाल्याला बोलावतो, फारच झाले तर कुलूप फोडतो. कुलूप जाते, पण घरातले सामान घरातच राहते. आज ज्या किल्लीविषयी बोलायचे आहे तिचे कुलूप फोडता येत नाही, आणि तिचा किल्लीवालाही कोणत्याच बाजारात बसत नाही. संगणकावरून पाठवलेले पत्र ज्याचे त्यालाच वाचता यावे, आणि ते आपणच लिहिले आहे हे दुसऱ्याला पटावे, यासाठी ही किल्ली असते.

ती जोडीने असते. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही कल्पना जगापुढे मांडली. जोडीतली एक किल्ली उघडी. ती खुशाल सर्वांना वाटावी. दुसरी गुप्त, ती स्वतःजवळच ठेवावी. उघड्या किल्लीने बंद केलेले पत्र फक्त गुप्त किल्लीने उघडते. गुप्त किल्लीने केलेली सही उघड्या किल्लीने कोणालाही पडताळून पाहता येते. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ नावाची आज्ञावली लिहून हे साधन सामान्य माणसाच्या हाती दिले. पुढे जर्मनीतील वेर्नर कॉख यांनी त्याच धर्तीवर ‘जीएनयूपीजी’ तयार केली. ती फुकट मिळते.

आता कोणी म्हणेल, ही किल्ली अमक्याचीच हे कशावरून? उद्या कोणीही माझ्या नावाची किल्ली करून वाटील! शंका रास्त आहे. आपला संगणकावर मिळणारा सात-बारा घ्या. त्यावर डिजिटल सही असते, आणि अशी सही कोणाची हे सांगायला २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली परवाना दिलेल्या संस्था आहेत. सहीचे साधन हरवले तर तिथे अर्ज करून जुने रद्द करवता येते. पीजीपीच्या जगात असे कार्यालयच नाही. तिथे माणसेच माणसांची ओळख देतात. सोयरीक जुळवताना आपण स्थळाची चौकशी करतो ना, तसेच. ओळखीच्याने सांगितले, त्याला त्याच्या ओळखीच्याने सांगितले, असे करीत विश्वासाचे जाळे विणले जाते.

प्रत्येक किल्लीला सहसा चाळीस अक्षर-अंकांचा एक ठसा असतो. समोरासमोर बसून, ओळखीचा कागद पाहून, ठसा मोठ्याने वाचून ताडायचा, आणि मगच दुसऱ्याच्या किल्लीवर आपल्या किल्लीने सही करायची. जीएनयूपीजीचा नेहमीचा हिशेब असा, की ज्याच्यावर तुमचा पूर्ण भरवसा आहे अशा एकाची सही पुरे. जेमतेम भरवशाचे असतील तर तिघांच्या सह्या हव्यात. हा भरवसा माणसाच्या सज्जनपणावर नाही बरं का. तो ठसा नीट ताडून मगच सही करतो का, एवढ्यावर आहे. सज्जन पण भिडस्त माणूस या कामाचा नाही.

म्हणूनच किल्ली हरवली म्हणजे नुसती एक फाईल हरवली असे होत नाही. तिच्यावर जमलेल्या सह्याही जातात. ‘डेबियन’ नावाची संगणकप्रणाली जगभरचे स्वयंसेवक १९९३ पासून घडवीत आले आहेत. तिच्यावरून ‘उबुंटू’ निघाली, आणि केरळच्या शाळांतून उबुंटूवर बेतलेली प्रणाली वापरतात. म्हणजे हे जाळे पार शाळेतल्या पोरापर्यंत पोचते. डेबियनमध्ये नवा भाग घालायचा तर त्यावर सभासदाच्या किल्लीची सही हवी. २०१५ च्या आरंभी त्यांनी १०२४ बिटांच्या जुन्या, आखूड किल्ल्या काढून टाकल्या, कारण त्या आता पुरेशा मजबूत राहिल्या नव्हत्या. तोवर ज्यांनी नवी किल्ली केली नव्हती, त्यांची वाट बंद झाली. नवीवर दुसऱ्या दोन सभासदांच्या सह्या लागत. मोठ्या शहरात दोघे गाठता येतात. ज्याच्या आसपास शेकडो मैल दुसरा सभासद नाही त्याने काय करावे? म्हणून ही मंडळी एकत्र आली की ठसे ताडायला बसतात. त्यांचे २०२३ चे वार्षिक संमेलन आपल्याकडे कोचीला भरले होते.

तेव्हा किल्ली केली त्याच दिवशी तीन कामे उरकावीत. पहिले रद्दनाम्याचे. ‘ही किल्ली यापुढे मानू नका’ असे सांगणारा, त्याच किल्लीने सही केलेला हा लेख. तो आधीच करून ठेवावा लागतो, कारण किल्ली हरवल्यावर त्यावर सही करणार कशाने? २०१४ नंतरची जीएनयूपीजी तो आपण होऊन करते, आणि चुकून वापरला जाऊ नये म्हणून आरंभी एक अपूर्णविरामाची खूण घालते. वापरायची वेळ आली की ती खूण आधी खोडायची. पण तो ठेवते त्याच संगणकात! संगणक चोरीला गेला की किल्लीही गेली आणि रद्दनामाही. म्हणून तो छापून बहिणीकडे, मित्राकडे ठेवावा. ज्याच्या हाती तो आहे त्याला तुमची पत्रे वाचता येत नाहीत, तुमची सही करता येत नाही. फार तर किल्ली रद्द करता येते. रद्दनामा नसेल तर मेलेली किल्ली जिवंत समजून लोक पत्रे पाठवीत राहतात, आणि ती तुम्हालाच उघडत नाहीत.

दुसरे काम प्रतीचे. गुप्त किल्ली परवलीच्या वाक्याने बांधलेलीच असावी. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक कागदावर. पेनड्राइव्ह पडून पडून बिघडतो. चांगल्या कागदाला वाळवी आणि पावसाळा एवढेच शत्रू. परवलीचे वाक्य मात्र त्याच पाकिटात ठेवू नये. आणि प्रत घेतली म्हणून निर्धास्त होऊ नये. दुसऱ्या संगणकावर ती लावून एखादे जुने पत्र उघडते का ते पाहावे, मग तिथून ती पुसावी. हे बहुतेक जण करीत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच.

प्रती जास्त तर चोरीचे भय, कमी तर हरवण्याचे. यावर १९७९ साली अदी शमीर या इस्रायली गणितज्ञाने तोड काढली. गुरुजींना ती फळ्यावर दाखवता येईल. एक उभी व एक आडवी रेघ काढा. मग एक तिरपी सरळ रेषा अशी काढा की ती उभ्या रेघेला ७ वर छेदील. हा ७ आपले गुपित. तिरप्या रेषेवरचे, उभ्या रेघेपासून दूरचे चार बिंदू चार मुलांना वाटा आणि तिरपी रेषा पुसून टाका. एकट्या मुलाच्या बिंदूतून हव्या तितक्या रेषा जातात. त्याला काहीच कळत नाही. कोणतीही दोन मुले एकत्र आली की रेषा ठरते आणि ७ सापडतो. तिघांशिवाय उघडू नये असे वाटले तर सरळ रेषेऐवजी अन्वस्त घ्यायचा. प्रत्यक्षात आकडे प्रचंड असतात, तत्त्व हेच. परवलीच्या वाक्याचे असे पाच भाग पाच जणांना द्यावेत, कोणतेही तीन पुरावेत. पाचही एकाच घरात मात्र नकोत.

तिसरे काम थोडक्यात. मूळ किल्ली पेटीत ठेवावी आणि रोजच्या वापराला तिच्याच उपकिल्ल्या घ्याव्यात. उपकिल्ली चोरीला गेली तर मुळीने ती रद्द होते आणि जमलेल्या सह्या शाबूत राहतात. किल्लीला एक-दोन वर्षांची मुदतही घालावी. गुप्त किल्ली जवळ असेल तर मुदत केव्हाही वाढवता येते. हरवली असेल तर मुदतीनंतर लोक तिचा वापर आपोआप थांबवतात. दिवाळीच्या साफसफाईत मुदत आणि प्रती दोन्ही पाहून घ्याव्यात. मुदत संपलेली वा रद्द केलेली गुप्त किल्ली मात्र फेकू नये. तिच्या काळात आलेली पत्रे तिनेच उघडतात. नवी किल्ली त्यांना लागत नाही.