आकाशाचा दोर तुटला तर?

भिवंडीच्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला, की कारागीर गाठ मारून तो सांधतो आणि माग पुन्हा चालू लागतो. पण आकाशात ताणलेला दोर तुटला तर?

अशा दोराची कल्पना १९६० साली आर्त्सुतानोव्ह या रशियन अभियंत्याने मांडली. दोराला धरून पाळणा अंतराळात चढावा, असा तिचा हेतू. विषुववृत्तावरून निघालेला हा दोर ३६,००० किलोमीटरच्याही पलीकडे जाईल. त्याचा खालचा भाग पृथ्वी आपल्याकडे ओढील; वरचा भाग गोफणीतील धोंड्याप्रमाणे बाहेर ओढ घेईल. या दोन ओढींमुळे दोर ताठ उभा राहील. मात्र इतका लांब पोलादी दोर स्वतःच्याच भाराने तुटेल; म्हणून तो अद्याप कोणी बांधलेला नाही.

दोर तुटताच वरचा भाग पृथ्वीपासून दूर जाऊ लागेल व खालचा कोसळेल. जमिनीलगत तुटल्यास लहानसा तुकडाच पडेल. फार उंचावर तुटल्यास हजारो किलोमीटर दोर पूर्वेकडे, विषुववृत्ताला वेढत पडेल. कारण उंचावरील भागाचा पूर्वेकडील वेग जमिनीहून अधिक असतो. वेगाने येणारा पुष्कळसा भाग वातावरणातच जळेल.

मागावरील धागा तुटल्यावर सांधता येतो. या दोराचा विचार मात्र तो तुटण्यापूर्वी, किंबहुना बांधण्यापूर्वीच करावयास हवा.