वृद्धांच्या डोक्याला मुका मार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वृद्ध माणूस पडल्यावर रक्त आले नाही, उलटी झाली नाही, म्हणजे डोक्याला काही झालेले नाही, हा सर्वांत घातक गैरसमज आहे. वाढत्या वयात मेंदू आकसतो, कवटी आणि मेंदू यांच्यातील जागा वाढते. मेंदूवरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. साध्या हिसक्यानेही त्या तुटू शकतात. त्या मोकळ्या जागेत बरेच रक्त साचेपर्यंत मेंदूवर दाब येत नाही, म्हणून सुरुवातीला माणूस ठणठणीत वाटतो. कधी रक्त हळूहळू साचत राहते आणि काही आठवड्यांनी चाल अडखळते, एका हाताची पकड सैल होते, बोलण्यात गोंधळ दिसू लागतो. घरचे हे वयावर घालतात. तोवर पडल्याचे कुणाच्या लक्षातही नसते.

कवटीच्या एक्स-रेवर विसंबणेही चूकच. त्यात हाड दिसते, मेंदू नाही, आणि हाड शाबूत असूनही आत रक्तस्राव असू शकतो. ताज्या दुखापतीत पहिली तपासणी सीटी स्कॅनची : ती काही मिनिटांत होते आणि पेसमेकर असला तरी करता येते. किरणोत्सर्ग साधारण २ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतो जवळपास तेवढाच. किरणांमुळे होणारा कर्करोग उद्भवायला बहुधा अनेक वर्षे लागतात. नव्वदीत त्या भीतीने स्कॅन टाळण्यात अर्थ नाही.

मात्र प्रत्येक पडण्यानंतर स्कॅन हवाच, असेही नाही. डोके आपटले का, शुद्ध हरपली का, पडल्याचे आठवते का, यावर निर्णय ठरतो. कॅनडातील २००१ च्या नियमानुसार शुद्ध हरपणे, विस्मरण किंवा गोंधळ यांपैकी काही घडले असेल, तर ६५ वर्षे वा अधिक वय हेच स्कॅनसाठी पुरेसे कारण ठरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास लक्षणे नसतानाही स्कॅनचा विचार व्हावा, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२३ च्या सूचना सांगतात. फक्त ॲस्पिरिन घेणाऱ्यांचा त्यात अपवाद आहे.

‘या वयात निदान होऊन तरी काय उपयोग?’ हा प्रश्न घराघरांत ऐकू येतो. साचलेले जुने रक्त कवटीला लहान छिद्र पाडून, अनेकदा केवळ त्या जागेपुरती भूल देऊन काढता येते.

पहिला स्कॅन चांगला आला तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे. वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा किंवा वागण्यातला बदल दिसल्यास पुन्हा रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.