आटे गेले, पण फ्रेम गेली नाही!

आजचा भाग बसमध्ये, लोकलमध्ये ज्यांना कानाला लावता येत नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. विषय आहे सायकलच्या फ्रेममधले गेलेले आटे.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो. पुणे ते दापोली, ताम्हिणी घाटातून जायचं ठरलं होतं. आदल्या रात्री मागचं कॅरियर बसवत होतो. सामान जड आहे, बोल्ट अजून जरा पिळू म्हटलं आणि ‘कट्’! त्यानंतर बोल्ट नुसताच फिरायला लागला. बाहेर काढला, तर त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चंदेरी स्प्रिंगसारखी तार गुंडाळलेली. ती तार म्हणजेच माझ्या फ्रेमचे आटे.

हे होतं का?

कॅरियर, मडगार्ड आणि बाटलीचा पिंजरा यांना बहुतेक वेळा एम-५ बोल्ट असतात. म्हणजे जाडी ५ मिमी आणि एका फेऱ्यात बोल्ट ०.८ मिमी पुढे सरकतो. बोल्ट स्टीलचा, फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची. या कुस्तीत हरणार कोण, ते उघड आहे. त्यात बोल्ट आखूड असला, की सगळा ताण मोजक्याच आट्यांवर येतो. बोल्ट तिरका लावून पान्याने रेटला तरी हेच. आणि पावसाळी, खाऱ्या हवेत स्टील-अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यात गंज धरतो. मग बोल्ट काढताना तो आटे सोबत घेऊनच बाहेर येतो.

आधी निदान

दुसरा, नवा एम-५ बोल्ट हाताने लावून बघा. तो नीट बसला, तर दोष जुन्या बोल्टचा. सुरुवातीचे एक-दोन आटेच दबले असतील, तर एम-५ × ०.८ चा टॅप फिरवून ते साफ होतात. टॅप भोकात अगदी सरळ धरा, थेंबभर तेल सोडा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवल्याने कीस तुटतो आणि टॅप अडकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेलही चालतं. टॅप कडक असतो, पण ठिसूळही असतो. आत तुटला तर काढणं महाकठीण, म्हणून जबरदस्ती नाही.

एक वेगळी केस: बाटलीच्या पिंजऱ्याच्या जागी पूर्ण रिव्हेट-नटच फ्रेममध्ये फिरत असेल, तर आटे ठीक आहेत, नटची पकड सुटली आहे. तिथे टॅप मारून काही होणार नाही. नट पुन्हा दाबून घ्यावा लागतो किंवा बदलावा लागतो.

आटे पूर्णच गेले असतील तर?

तीन वाटा आहेत.

पहिली: भोक आरपार असेल तर लांब बोल्ट घालायचा आणि मागून नायलॉक नट लावायचा. स्वस्त, मस्त. मीही रात्री हेच करणार होतो. पण माझं भोक होतं उजवीकडे, गिअरच्या बाजूला. आतून बाहेर आलेल्या नटाच्या शेजारूनच चेन जाते. सर्वात छोट्या चकतीवर चेन आली, की ती नटाला घासणार, नाहीतर अडकणार. घाटाच्या उतारावर मागचं चाक असं अचानक जाम झालं असतं तर? नकोच तो विचार. डाव्या बाजूला हा उपाय बहुतेक वेळा चालून जातो, पण डिस्क ब्रेक असेल तर तिथेही मोकळी जागा तपासा.

दुसरी: ५ मिमीच्या ड्रिलने भोक मोठं करून एम-६ चे आटे पाडायचे. सोपं आहे, पण कॅरियरच्या पट्टीचं भोकही मोठं करावं लागतं.

तिसरी: हेलिकॉइल. ही स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी असते. एम-५ साठी साधारण ५.२ मिमीचं ड्रिल, मग हेलिकॉइलचाच खास टॅप, मग गुंडाळी आत फिरवून बसवायची. ती पृष्ठभागाच्या किंचित खाली गेली, की तळाचं शेपूट तोडून काढायचं. जुनाच बोल्ट परत बसतो आणि आता आटे स्टीलचे! मात्र इथेही भोक जवळपास एम-६ एवढंच मोठं होतं. म्हणून भोकाभोवती पुरेसा धातू उरतोय का, ते आधी बघा.

मी सकाळी ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, “घट्ट करत होतास, की राग काढत होतास?” हेलिकॉइल बसली. राइड चार तास उशिरा सुरू झाली, पण कॅरियर दापोलीपर्यंत हललं नाही.

इथे जुगाड नको

बाटलीचा पिंजरा सुटला तर बाटली पडेल, बस्स. पण ब्रेक जिथे फ्रेमला बसतो, तिथले आटे गेले तर एम-सील, टेफ्लॉन टेप, फेविक्विक काहीही नको. जाणकाराकडून हेलिकॉइल, नाहीतर सायकल उभी. कार्बन फ्रेमवर तर घरी ड्रिल लावूच नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

बोल्टला थोडं ग्रीस लावा. आधी बोल्ट हाताने उलटा फिरवा. ‘टक्’ करून आट्यात बसल्याचं जाणवलं, की मग सुलटा. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच. पिंजऱ्याच्या बोल्टला २ ते ३ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे एल-कीची आखूड बाजू धरून दोन बोटांचा जोर.

आणि लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ‘निघत नाही’ म्हणून जोर लावण्याआधी, आपण ते काढतोय की आणखी घट्ट करतोय, ते तपासा!

तुमच्या सायकलचा कुठला बोल्ट फिरतोय, ते आम्हाला व्हॉइस नोट करून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर पॅडल मारत राहा, बोल्ट मात्र जपून पिळा!