ब्रेकचे तेल आणि आपली हवा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गाडीच्या ब्रेकवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पाने आणि जॅक आले. बाबा ड्रायव्हर आहेत. जामसंड्याहून आंब्याच्या पेट्या घेऊन गाडी फोंडाघाट चढते तेव्हा कस इंजिनाचा लागतो. ब्रेकची परीक्षा परतीच्या उतारावर, आणि त्या वेळी गाडीत घाटावरचा माल भरलेला असतो!

पायाचा जोर चाकापर्यंत नेते ते ब्रेकचे तेल. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कलचा नियम आपण शाळेत घोकला. तोच येथे राबतो. मात्र या तेलाला एक खोड आहे. ते हवेतली ओल शोषते. ‘डॉट ३’ जातीचे कोरडे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की ही हमी १४० अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबून चाके तापली, की असे तेल उकळते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून पाय तळाला टेकतो आणि गाडी धावतच राहते. बाबा म्हणतात, “पाय खाली गेलो तर आधी तेल बघ.” चढताना लागतो तोच गिअर उतरतानाही ठेवावा, म्हणजे निम्मा भार इंजिन घेते.

तेल साधारण दोन वर्षांनी बदलतात. आमच्याकडे समुद्र आणि चार महिन्यांचा पाऊस, तेव्हा चालढकल नको. काम दोघांचे आहे. गाडी सपाटीवर घेऊन चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावा, आणि पेडल सुटण्यापूर्वी पुन्हा आवळावा. नाहीतर हवा आत शिरते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, रबरी वॉशर फुगतात. सांडलेले तेल रंग खाते. लगेच पाण्याने धुवावे.

ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसांचे वैरी आहे. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. लायनर ड्रमला चिकटून बसतो. गिअर टाकावा, दगड लावावा.

मास्टर सिलिंडर गळत असेल किंवा गाडी एबीएसची असेल तर सरळ गॅरेज गाठावे. घरचे काम झाल्यावर इंजिन सुरू करून पेडल टणक लागते का पाहावे, आणि पहिली फेरी अंगणातच, अगदी सावकाश मारावी.