मिनी ट्रॅक्टर निळा धूर सोडतोय? इंजिन खोलण्याआधी ही टेस्ट करून घ्या

द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर चढाला दमायला लागला, धूर वाढला, की मेकॅनिक म्हणतो, "इंजिनचं काम निघालंय." ऐन फवारणीत हा खर्च परवडत नाही. पण दरवेळी पूर्ण इंजिन खोलावं लागतं का?

आधी धुराचा रंग बघा. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. कधी कधी एअर फिल्टर साफ केला तरी भागतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. मात्र ते रिंगांवरून वर येतंय की व्हॉल्व्हच्या गाईडमधून खाली उतरतंय, हे धुरावरून कळत नाही.

त्यासाठी कॉम्प्रेशन टेस्ट असते. इंजेक्टर काढून त्या जागी गेज लावायचा, दाब मोजायचा. मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. (चमचाभरच! ऑइल दाबलं जात नाही, जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.) हे ऑइल रिंग आणि लायनरमधली फट तात्पुरती बुजवतं. दाब चांगला वाढला, तर झीज तिथेच आहे. नाही वाढला, तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर. तेव्हा नुसतं हेड उतरवून काम होऊ शकतं.

लायनर झिजला असेल तर त्यात फक्त नव्या रिंगा टाकून घेऊ नका, धूर पुन्हा सुरू होतो. आणि फिल्टरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप तपासा. तो चिरलेला राहिला, तर बागेतली धूळ नवा लायनरही खाते.