टायरवरचे आकडे आणि चाकाचे गणित

मोटारीची मूळ चाके काढून त्या जागी मोठ्या, चकचकीत रिम्स बसवण्याची हौस अनेकांना असते. 'पंधराच्या जागी सोळा इंची' एवढे सांगितले की काम झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : चाकाचा एकूण व्यास आणि चाक गाडीच्या किती आत किंवा बाहेर बसते ते. दोन्हींचे गणित शाळेतल्या भूमितीतच बसते.

प्रथम व्यास पाहू. टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ असे ठसवलेले असते. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हे माप नसून प्रमाण आहे : टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडिअल बांधणी आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांमध्ये.

भिंतीची उंची झाली १८५ × ०.६५ = १२०.२५ मिमी. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, म्हणून २४०.५ मिमी. रिमचे १५ × २५.४ = ३८१ मिमी मिळवले की एकूण व्यास ६२१.५ मिमी येतो.

आता सोळा इंची रिमवर १९५/५५ आर १६ टायर चढवला, तर व्यास ६२०.९ मिमी येतो. फरक मिलिमीटरभरही नाही. रिम वाढली, तेवढी भिंत कमी झाली. पण त्याच रिमवर १९५/६५ आर १६ चढवला, तर व्यास ६५९.९ मिमी, म्हणजे सुमारे ६ टक्के जास्त होतो. वेगमापक चाकाच्या फेऱ्यांवरून वेग ठरवतो. त्याला मोठ्या चाकाची कल्पना नसते. काटा ८० दाखवत असताना गाडी ताशी ८५ किलोमीटरने धावत असते, आणि चालक मात्र निर्धास्त असतो.

भिंत कमी होण्याचीही किंमत आहे. खड्ड्याचा धक्का पेलायला रबर आणि हवा यांचा थर पातळ उरतो, त्यामुळे रिम वाकण्याची शक्यता वाढते.

दुसरी गोष्ट ऑफसेटची. रिम हबवर जिथे टेकते तो पृष्ठभाग आणि रिमच्या रुंदीचा मध्य यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा पृष्ठभाग मध्याच्या बाहेरच्या बाजूस असेल, तर ऑफसेट धन. रिमवर तो 'ईटी ४५' असा लिहिलेला असतो. ४५ हे मिलिमीटर.

समजा, ६ इंच रुंदीची, ईटी ४५ ची रिम काढून ७ इंच रुंदीची, ईटी ३५ ची बसवली. अर्धी रुंदी १२.७ मिमीने वाढली आणि मध्य १० मिमी बाहेर सरकला. म्हणून बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर येते, आतली फक्त २.७ मिमी आत जाते. बाहेरची कड मडगार्डला घासू शकते. शिवाय चाकावर ३,००० न्यूटन भार असेल, तर १० मिमीच्या वाढीव भुजेमुळे ३,००० × ०.०१ = ३० न्यूटन-मीटर इतके जादा आघूर्ण बेअरिंगच्या वाट्याला येते. ऑफसेट फार वाढवला, तर उलट चाक आत सरकून सस्पेन्शनला घासू शकते.

मापानंतरचा आकडाही वाचावा. '८८ एच' मधील ८८ म्हणजे टायर ५६० किलोग्रॅम भार पेलतो, आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. ८७ असेल तर भार ५४५ किलोग्रॅम. नवा टायर यात मूळ टायरपेक्षा कमी असू नये.

वर्गासाठी एक प्रयोग : सपाट मैदानावर उभ्या असलेल्या गाडीचा टायर जमिनीला टेकतो, तेथे टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा. चालक आत बसवून गाडी सावकाश ढकला आणि चाकाचा एक फेरा पूर्ण होताच अंतर मोजा. आकड्यांवरून काढलेल्या परिघापेक्षा ते थोडे कमी भरेल. का, ते विद्यार्थ्यांना शोधू द्या. उत्तर न सापडल्यास भाराखाली दबलेल्या टायरचा तळ त्यांना नीट पाहायला सांगा.