भाडेकरू राहत असताना घराची मोठी दुरुस्ती कशी कराल?

रविवारची सकाळ. तुम्ही भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या खाली राहणाऱ्या काकांचा फोन येतो, ''आमच्या बेडरूमच्या छताला ओल आलीय, पोपडे पडताहेत. पाणी तुमच्याच बाथरूममधून येतंय.'' प्लंबर पाहून सांगतो की फरशी फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागेल. काम किमान आठ-दहा दिवसांचे. पण त्या घरात एक कुटुंब राहते आहे. आजींचे गुडघे दुखतात, नातवाची परीक्षा तोंडावर आहे.

घर तुमचे असले तरी संसार त्यांचा आहे. हे लक्षात ठेवून काम आखले तर दुरुस्तीही होते आणि चांगले भाडेकरूही टिकतात.

खर्च कोणाचा?

सर्वप्रथम भाडेकरार वाचा. केंद्र सरकारच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यानुसार करारात वेगळे ठरले नसेल, तर इमारतीच्या रचनेशी संबंधित दुरुस्ती, पाण्याचे पाइप बदलणे आणि वायरिंग ही कामे घरमालकाची. नळाचा वॉशर बदलणे, तुंबलेली मोरी साफ करणे ही कामे भाडेकरूची. हा कायदा राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू होतो, पण नवा करार करताना ही विभागणी उपयोगी पडते.

न सांगता जाऊ नका

याच कायद्यात घरात जाण्यापूर्वी किमान २४ तास आधी लेखी किंवा मोबाइलवरून सूचना देण्यास सांगितले आहे. सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर जाता येत नाही. फरशी फोडायची असेल तर मात्र १५ दिवस आधी सांगा. तारखा भाडेकरूंना विचारूनच ठरवा. परीक्षा, बाळंतपण, आजारपण असेल आणि गळती थोडी असेल, तर काम पुढे ढकला. मे महिन्यात किंवा दिवाळीत ते गावी जाणार असतील, तर तो काळ उत्तम. सोसायटीची परवानगी आणि तोडफोडीच्या वेळाही आधीच विचारून घ्या.

काम सुरू असताना

* दोन बाथरूम असतील तर एका वेळी एकच फोडा. एकच असेल तर जवळपास राहण्याची सोय करा आणि तेवढ्या दिवसांचे भाडे घेऊ नका.
* पाणी कधी बंद राहील, ते आदल्या दिवशी कळवा.
* फोडण्यापूर्वी भिंती, फर्निचर, गीझर यांचे फोटो दोघांनीही काढून ठेवा. नंतर डिपॉझिटवरून वाद होत नाही.
* सामान प्लास्टिकने झाका. धुळीने दम्याचा त्रास वाढतो आणि ओल्या फरशीवर वृद्ध घसरतात, म्हणून राडारोडा रोज उचलायला लावा.
* घरात बाई किंवा मुले एकटी असतील तर कारागिरांसोबत स्वतः थांबा. कोण कारागीर येणार, ते आधी सांगा.

घाई नको

वॉटरप्रूफिंग झाल्यावर लगेच टाइल्स बसवू देऊ नका. नहाणी ट्रॅप बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत पाहा. ओल दिसली नाही तरच पुढचे काम. ठेकेदाराचे शेवटचे पैसे या चाचणीनंतरच द्या, नाहीतर पावसाळ्यात पुन्हा फरशी फोडावी लागेल.

तुम्ही भाडेकरू असाल तर...

ओल दिसताच फोटोसह लेखी कळवा. उशीर झाला तर नुकसान वाढते. घरमालक टाळाटाळ करत असेल तरी भाडे परस्पर थांबवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९नुसार किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी. लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल किंवा दुसऱ्या राज्यात असाल, तर आधी वकिलाला विचारा.

काम संपल्यावर घरमालकाने एकदा घरी जाऊन आजींना विचारावे, ''आता काही त्रास नाही ना?'' पुढच्या वेळी गळती सुरू झाली की पहिला फोन खालच्या काकांचा नाही, भाडेकरूंचाच येईल.